डाव्या हाताचा मळ

आधी वाटलं, माझंच बोट कापतंय.
चाळिशी उलटलीय, प्रयोगशाळेत दिवसभर नळ्या आणि पिपेट,
थकायचा थोडा हक्क बोटालाही आहेच.
पण नाही. एकदा दाबलं की दोनदा उमटायचं.
खेळातलं दार उघडायचं आणि त्याच क्षणी मिटायचं,
आणि दारापलीकडून शार्दूल, माझा भाचा,
जळगावच्या त्याच्या खोलीतून ओरडायचा,
"आत्या, आत घे ना मला!"

रविवारी दुपारी तीन.
डिसेंबरात डंडीत तेव्हाच अंधारून येतं.
त्याच्याकडे साडेआठ, ताटं मांडल्याचा आवाज
हेडफोनमधून थेट माझ्या कानात.
एवढा एक तास आमचा.

मरेगेटवर वारा नदीवरून सरळ अंगात शिरतो.
दुकानात भिंतभर माउस, शेपटीला टांगलेले.
एकाची पाठ जाळीदार,
एकाच्या पोटाखाली लग्नघरासारखी रोषणाई,
एकाची संवेदना म्हणे सव्वीस हजार.
माझ्या हाताला आठशे पुरतात.
एक साठ ग्रॅमचा, त्याच्या शेजारचा चोपन्न,
आणि त्या सहा ग्रॅमच्या कमीपणाला तीस पौंड जास्त.
सहा ग्रॅम मी रोज तोलते. चमचाभर मीठ.

आणि सगळ्यांना डाव्या कुशीत खळगा,
उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी.
मी एकेकात हात घालून पाहिला,
दुसऱ्याच्या चपलेत पाय घालावा तसा.

कॅलम नावाचा पोरगा, नखांवर उडालेलं काळं पॉलिश,
माझा जुना माउस उलटासुलटा करून म्हणाला,
"सगळ्यांचं डावं बटण जातं. तुमचं उजवं कसं गेलं?"
मी डावा हात वर केला.
वर्गात करतात तसा.

वर्गात तो वर गेला की तारळेकर बाईंची नजर
माझ्यावरून पुढच्या बाकावर जायची.
डाव, डावलणं, डावा:
शब्दकोशात हे शब्द भिंतीला भिंत लावून राहतात.
मी तिन्ही घरांत राहून आलेय,
भाडं अजून फिटलेलं नाही.

कॅलम मागच्या खोलीत गेला. बराच वेळ.
खोकी सरकवल्याचा आवाज, मग एक शिवी,
मग धूळ बसलेलं एकच खोकं घेऊन तो आला.
पांढरा. वायरवाला. दिवे नाहीत.
दोन्ही कुशींनी सारखा.
"जड आहे, ब्याण्णव ग्रॅम," तो ओशाळून म्हणाला,
जणू त्यानेच तो खाऊन जाड केला होता.
मी तळहाताखाली घेतला. अंगठा
विचारपूस न करता जागेवर बसला.
चोवीस पौंड.
मोड त्याने माझ्या डाव्या हातावर ठेवली,
आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

घरी जुना दिव्याखाली धरला.
अंगठ्याच्या जागी काळपट, चकचकीत डाग.
काही सोपं असलं की लोक म्हणतात,
हा तर आपल्या डाव्या हाताचा मळ.
इथे तो खरोखरच आहे, नऊ वर्षांचा,
नखाने खरवडला तरी निघत नाही.
कचऱ्याच्या पिशवीत टाकला, पुन्हा काढला,
ड्रॉवरमध्ये ठेवला, कुठल्या कुलपांच्या आठवत नाही
अशा चाव्यांशेजारी.

पहिल्या रविवारी सगळे नेम चुकले.
मनगट कुरकुरलं. शार्दूल हसला:
"आत्या, हात बदललास की काय?"
"हात तोच आहे रे."

दार उघडलं. उघडंच राहिलं.
तो आत आला, माझ्या पाठीला पाठ लावून उभा राहिला,
मागे त्याची आई कुणाला तरी वरण वाढत होती,
आणि तो घाईघाईने कुजबुजला,
"डावीकडून येतायत!"

हे मला सांगतोय.